जुन्या नदीची साक्ष

जुन्या नदीने मनिराम वलथरेंच्या विरोधात साक्ष दिली, तेव्हा मनिराम ओसरीवर बसून चहात पोळी बुडवून खात होते आणि त्यांची सून रेवता समोरच उभी होती. साक्ष तिच्या मोबाइलवर आली. पडद्यावर लाल पट्टी, आणि पट्टीखाली तीन ओळी: पाणी विषारी. संभाव्य कारण कीटकनाशक. संभाव्य जागा पूर्व काठाचा शिंगाड्याचा पट्टा.

पूर्व काठाला शिंगाड्याचा पट्टा एकच होता, आणि तो मनिरामांचा होता.

"काय आलं वो?" मनिरामांनी विचारलं.

"काही नाही मामाजी. तपासणीचं आहे," रेवता म्हणाली आणि मोबाइल पदराखाली धरून आत गेली. सासऱ्याशी ती आजवर खोटं बोलली नव्हती. सुरुवात अशी चहाच्या कपाशी झाली.

वैनगंगेने कधीकाळी आपली वाट बदलली आणि करडटोल्याच्या दाराशी आपला एक वाकडा तुकडा टाकून ती पुढे निघून गेली. पावसाळ्यात नदी फुगली की या तुकड्यात येऊन खुशाली विचारून जाते. एरवी तिथे कुठे गुडघाभर, कुठे छातीभर पाणी, तळाला गाळ, कडेने देवनळ, आणि मधोमध मासेमार ढिवरांचे शिंगाड्याचे वेल. टोल्यावर, म्हणजे या वस्तीवर, तिला दलदल कुणी म्हणत नाही. तिथे ती जुनी नदी. सरकारी कागदात ती 'पाणथळ' झाली आणि त्याच सुमारास तिच्यात पाणडोळा आला.

पाणडोळा म्हणजे दुधाच्या कॅनएवढा तरंगता डबा. तो एका नळीने सारखं पाणी ओढतो, काचेच्या अरुंद फटीतून सोडतो आणि त्यातून जाणाऱ्या प्रत्येक सूक्ष्म जीवाचा फोटो काढतो. त्याला पाण्यात काय मिसळलंय यात रस नाही. पाण्यात कोण राहतंय, एवढंच तो बघतो. बाटलीत भरून नेलेलं पाणी त्या घडीपुरतं बोलतं. सकाळी कुणी विष सोडलं आणि संध्याकाळी ते विरून गेलं, तर दुसऱ्या दिवशीची बाटली साळसूदपणे निर्दोष ठरते. पण पाण्यातल्या जीवांना उठून दुसरीकडे जाता येत नाही. जे झालं ते त्यांनी सोसलेलं असतं. काही मरतात, काही माजतात. कोण उरलं आणि कोण गेलं यावरून गेल्या कित्येक दिवसांत त्या पाण्यावर काय गुदरलं ते कळतं.

त्यातली सगळ्यात नाजूक म्हणजे पाणपिसू. खसखशीच्या दाण्याएवढी, आरपार दिसणारी. सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर तिचं धडधडणारं काळीज बाहेरून दिसतं. नाव पिसवेचं असलं तरी नातं कोळंबी-खेकड्यांशी, आणि किड्यांवर मारायच्या औषधाचा नुसता वासही तिला पुरतो. ती पाण्यातलं शेवाळ गाळून खाते. ती मेली की ते शेवाळ आयतंच चक्रधरांच्या तोंडी पडतं. चक्रधर तिच्याहूनही बारीक, तोंडाशी केसांची चक्रं गरगरा फिरवत पाणी ओढणारे, आणि तब्येतीने भलतेच चिवट. जिथे पाणपिसवा गायब आणि चक्रधर उदंड, तिथे काहीतरी विषारी पडलंय असं पाणडोळा सांगतो, आणि वारा कुठून वाहतोय ते बघून कुठून आलं असावं तेही सांगतो.

इथवर सगळं छान होतं. मग त्यावर कायदा झाला. माणूस फितूर होतो, पाणपिसू होत नाही, असं कुठल्याशा सुनावणीत कुणीतरी म्हणालं. ते सगळ्यांना इतकं पटलं की पाण्याबाबत माणसांना विचारणंच हळूहळू बंद पडलं. प्रत्येक पाणथळीला एक पाणडोळा, आणि गावातलीच एक शिकलेली बाई किंवा बुवा त्याचा राखणदार. काच पुसायची, नळी साफ करायची, निकाल आला की लोकांना सांगायचा. करडटोल्याची राखणदार रेवता. बी.एस्सी. झालेली सून घरात भाकऱ्या थापत बसलीय हे मनिरामांना बघवत नव्हतं. तिच्या मुलाखतीला तेच तिला मोटारसायकलवर बसवून भंडाऱ्याला घेऊन गेले होते आणि बाहेर उन्हात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आमची सून आत हाये."

आता त्याच सुनेला त्यांना विचारायचं होतं.

ती काठावर गेली. मनिराम डोंग्यात साचलेलं पाणी डब्याने उपसत होते.

"मामाजी, यंदा भुंगा जास्त पडला होता ना वेलावर?"

"पडला होता. हातानं वेचला. तुयी सासू अन् मी. कंबर गेली."

"औषध नाही मारलं?"

मनिरामांनी डबा खाली ठेवला. टोल्याला औषध मारणं सोडायला लावणारा माणूस हाच. औषधाने आधी भुंगा मरतो, मग मासोळीची पिल्लं मरतात, मग आपण, असं म्हणत त्यांनी घरोघरचे फवारे मच्छीमार सोसायटीच्या खोलीत जमा करून टाकले होते. काही लोक अजून त्याचा राग धरून होते. भुंगा वेचून ज्यांच्या कमरा गेल्या ते तर नक्कीच.

"नाई मारलं," मनिराम म्हणाले.

"थोडंसं? एखाद्या कोपऱ्यात?"

"नाई म्हनलं ना, बाई."

रेवताने मान हलवली आणि तिथून सरळ घरामागच्या छपरीत जाऊन फवारा शोधायला लागली. पोती उचलली, जाळी सरकवली, जुन्या रंगाचे डबे हुंगून पाहिले. काही सापडलं नाही. मागे वळली तर मनिराम दारात उभे. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ते परत काठावर गेले. त्या दिवसापासून त्यांचं तिच्याशी बोलणं थांबलं.

जिल्ह्याच्या पाणतपासणी केंद्रातले पेंढारकर फोनवर नेहमीसारखेच समजुतीने बोलले. "हे बघा वलथरेताई, नियम दोन आहेत. कुणी पुढे येऊन कबुली दिली तर त्याचा पट्टा बंद, बाकीच्यांचा हंगाम सुरळीत. कबुली नाही आली तर अख्खी पाणथळ हंगामभर बंद. शिंगाडाही नाही, मासोळीही नाही."

"पण ते नाही म्हणतात, सर."

"कोण?"

सासऱ्याचं नाव रेवताच्या तोंडून निघेना.

"सगळेच नाही म्हणतात हो," पेंढारकर म्हणाले. "म्हणून तर यंत्र आहे."

शिंगाडा दसऱ्यापासून निघू लागतो. वेल भरले होते, फळ हिरवं-टच्च धरलं होतं. सोसायटीच्या अंगणात लोक जमले, तेव्हा रेवताने सगळ्यांसमोर निकाल वाचला. पूर्व काठ म्हणताना तिचा आवाज उतरला, पण तो शब्द कुणाच्याही कानातून सुटला नाही. सगळ्यांच्या माना मनिरामांकडे वळल्या. वर्षानुवर्षं ज्याचं ऐकलं त्याला अडकलेलं बघायला मिळतंय, तर कोण सोडतो? मागून कुणीतरी म्हणालं, "आमाले भुंगे वेचाले लावले अन् सोता..." आणि पुढचं हसण्यात विरलं.

"अख्खी नदी बंद होईन का?" एका बाईने विचारलं. तिचा सगळा संसार शिंगाड्यावर होता, आणि ती एकटीच नव्हती.

"कबुली नाही आली तर," रेवता म्हणाली, आणि न ठरवता तिची नजर सासऱ्याकडे गेली.

मनिरामांनी ती नजर झेलली. उठले, धोतर सारखं केलं, आणि म्हणाले, "लिहा. मीच मारलं."

रेवताला वाटलं आपल्याला धक्का बसेल. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. यंत्र बरोबर होतं, ती बरोबर होती, आणि टोल्याचा हंगाम वाचला होता. हे बरं वाटणं घरी येईपर्यंत टिकलं.

घरी सासूने, भागरताबाईंनी, तिला चुलीशीच गाठलं.

"त्यानं औषध नाई मारलं."

"आत्याबाई, ते स्वतः म्हणाले."

"अठ्ठावीस वर्सं संसार केला मी त्या मानसासंग. त्याले खोटं बोलाची सवय नाई, म्हनून तुले त्याचं खोटं ओळखू आलं नाई." त्यांनी फुंकणी आपटली. "तुया डब्याले विचारून घे."

मनातून रेवता चिडली होती. यंत्र सांगतं, माणूस कबूल करतो, तरी ही बाई ऐकत नाही! आणि चिडण्याच्या तळाशी काहीतरी टोचत होतं, त्याकडे तिने त्या दिवशी पाहिलं नाही.

कबुली आली की राखणदाराला एक काम लागतं. विषाचा पट्टा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, त्याची हद्द आखायची. त्यासाठी पाण्याचे नमुने हाताने घ्यावे लागतात. ही पद्धत आता फक्त एवढ्याच कामापुरती उरली होती. रेवताने ट्रंकेतून प्रशिक्षणातली बारीक कापडी जाळी काढली, छोटा सूक्ष्मदर्शक पुसला आणि काठावर गेली. डोंगा न्यायला कोण येणार? मनिराम बोलत नव्हते, नवरा गाडी घेऊन रायपूरला गेला होता. बघते तो भागरताबाई डोंग्यात आधीच बसलेल्या, हातात बांबू.

"चाल. मलेही पाहू दे तुयं विष."

पूर्व काठाला वेल इतके दाट होते की डोंगा त्यांना बाजूला सारत गेला. बरोबर मधोमध, जिथे सगळ्यात वाईट असायला हवं तिथे, रेवताने जाळी ओढली, बाटलीतला थेंब काचेवर ठेवला आणि डोळा लावला.

पाणपिसवा. एक नाही, दोन नाही, नुसती झुंबड. टुणटुण उड्या मारणाऱ्या, पोटात अंडी घेतलेल्या, एकीच्या पाठीत तर पिल्लं हलताना दिसत होती. त्यांच्यामधून एकडोळे, एकाच डोळ्याचे बारीक जीव, झटके देत इकडून तिकडे पळत होते. रेवताने डोळा काढला, काच पुसली, पुन्हा थेंब घेतला. पुन्हा तेच.

"काय दिसते?" भागरताबाईंनी विचारलं.

"जिवंत आहेत."

"कोन?"

"सगळ्याच, आत्याबाई." तिचा आवाज चमत्कारिक झाला होता. "इथे औषध पडलेलं नाही. पडूच शकत नाही. औषध पडलं असतं तर पहिल्या ह्या मेल्या असत्या."

भागरताबाईंनी काही बोलून दाखवलं नाही, हे त्यांचे उपकार. फक्त बांबू जरा जोरात रेटला.

मग विष कुठे होतं? पाणडोळा खोटं बोलत नव्हता, ते फोटो रेवताने स्वतः पाहिले होते. तिने जागोजागी जाळी ओढायला सुरुवात केली. देवनळात पाणपिसवा. कमळांत पाणपिसवा. पाणडोळ्याच्या दिशेने येताना त्या विरळ होऊ लागल्या. त्याच्या कुंपणाशी आल्यावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आणि कुंपणाच्या आत एकही नाही. काचेवर नुसते चक्रधर, आपली चक्रं फिरवत, मालकी हक्काने.

रेवता त्या कुंपणाकडे बघत राहिली.

ते मनिरामांनी घातलं होतं. गेल्या उन्हाळ्यात म्हशी पाण्यात डुंबायला आल्या आणि एकीने पाणडोळ्याची नळी चघळून टाकली. त्यावरून रेवताला केंद्रातून बोलणी खावी लागली होती. म्हणून श्रावण लागताच सासऱ्यांनी डब्याभोवती बेशरमीच्या झुडपाचे दांडके रोवले, आणि आडव्या फांद्या पानांसकट विणून चांगलं घट्ट कुंपण केलं. बेशरम इथे काठाकाठाने माजलेली असते, आणि म्हशी, गाई, शेळ्या कुणीच तिला तोंड लावत नाही, म्हणून टोल्यावर वाडीला कुंपण म्हटलं की बेशरमच. तोंड का लावत नाहीत, हे काही कुणी त्या वेळी विचारात घेतलं नाही. जमिनीवरच्या कुंपणाला त्याने फरकही पडत नाही. पण पाण्यात दांडके रुजले, पानं गळली, कुंपणाने पाण्याची हालचाल अडवली आणि आतल्या कुंडात पानांचा काळा काढा होत राहिला. त्या पानांत जे आहे ते डासांच्या अळ्यांनाही भोवतं. पाणपिसूचं काळीज केवढं!

यंत्राला बिचाऱ्याला कुंपण दिसत नव्हतं. ते विषाच्या वाटीत बसलं होतं आणि सगळ्या नदीचा तोच वानोळा समजून निकाल देत होतं. आणि रेवता? ती दर आठवड्याला त्याच कुंपणातून हात घालून काच पुसत होती. हाताला लागणारी कुजकी पानं झटकत होती. सासऱ्यांनी किती माया केली, असं मनात म्हणत होती. त्याच माणसाला तिने भर अंगणात नजरेने आरोपी केलं होतं. तिला एकदम रडू आलं, आणि ते तिने डोंग्यात बसून मोकळेपणाने रडून घेतलं.

"रड," भागरताबाई म्हणाल्या. "मंग फोन कर."

पेंढारकर दुसऱ्याच दिवशी आले. माणूस भला. पँट दुमडून स्वतः पाण्यात उतरले, स्वतः जाळी ओढली, आत आणि बाहेरचे नमुने शेजारी शेजारी ठेवून पाहिले. "यंत्राला त्याची जागा पुन्हा तपासायला आम्ही कधी सांगितलंच नाही," ते म्हणाले, आणि तिथूनच फोन करून जिल्ह्यातल्या बाकीच्या पाणडोळ्यांभोवती काय काय आहे ते बघायला माणसं धाडली. कुंपण निघालं. पाणडोळा मोकळ्या पाण्यात नेऊन बांधला. पुढच्या निकालाला पट्टी हिरवी आली, आणि ती वाचून दाखवताना रेवताचा जीव भांड्यात पडला.

मनिरामांचा पट्टाही उघडला, पण एक गोष्ट उरली होती. "कबुली ज्याने दिली त्यानेच मागे घ्यायला हवी," पेंढारकर सांगून गेले होते. "एवढं झालं की त्यांच्यावर काही राहत नाही."

मनिराम काठावर पोत्यावर बसून पहिल्या तोडणीचे शिंगाडे सोलून बघत होते. दुपारचं ऊन होतं. डोंग्यातून भागरताबाई पाट्या उतरवत होत्या. रेवता सासऱ्यांच्या समोर, खाली मातीतच बसली.

"मामाजी, कुंपणाचं कळलं ना तुम्हाला?"

बऱ्याच दिवसांनी ते बोलले. "कळलं. म्हंजे मीच मारलं ना त्याईले. तुया त्या पिसवांले."

"डब्यापुरत्या. बाकी नदी भरून आहेत. त्या जागी परत यायलाही लागल्यात."

"खरंच?"

"मी बघून आले."

मनिरामांनी श्वास सोडला. हा माणूस इतके दिवस या एका गोष्टीने पोळला असेल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पण तुम्ही औषध मारलं म्हणून खोटं काहून बोलले?" तिने विचारलं. "माझ्यासमोर? सगळ्या टोल्यासमोर?"

"खरं मी आधी बोललो होतो," मनिराम म्हणाले. "ते चाललं नाई. नदी बंद झाली असती. मंग जे चालत होतं ते बोललो."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच रेवताला मान वर करता येईना. "माझं चुकलं," ती म्हणाली. "मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"विचारलं होतंस की. तीनदा विचारलंस. पण पोरी, तू विचारत नव्हती, तू कबूल करवून घेत होती." त्यांनी सोललेला शिंगाडा तिच्या हातावर ठेवला. "आता विचार."

"आता? आता तर सगळं सिद्ध झालंय. फोटो आहेत, नमुने आहेत..."

"फोटो राहू दे तुये. मले विचार."

रेवताने डोळे पुसले, पदर सावरला आणि त्यांच्या डोळ्यांत बघून विचारलं, "मामाजी, तुम्ही औषध मारलं का?"

"नाई."

"बरं," रेवता म्हणाली.

मनिरामांनी थोडी वाट पाहिली. मग म्हणाले, "बस? एवढंच?"

"एवढंच."

आणि मनिराम वलथरे असे खदखदून हसले की पाट्या टाकून भागरताबाई बघायला आल्या.